सेलूचा टाळ, लिव्हरपूलची गिटार

वीकएंडला ऑफिसमधली सगळी गँग लोणावळ्याला गेली आणि मी तपोवन एक्स्प्रेस पकडून सेलूला, मामांकडे! बॅगेत दोन टी-शर्ट आणि डोक्यात एक निर्णय. ऑफिसचा बँड सोडायचा. तीन वर्षं मी त्यात ऱ्हिदम गिटार वाजवतोय. सोलो दुसराच घेतो, टाळ्या गाणाऱ्याला मिळतात. मी आपला मागे उभा राहून चका-चका, चका-चका.

जालना, परतूर मागे पडलं की सेलू येतं. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साईभक्तांना गोपाळराव देशमुखांमुळे ठाऊक असलेलं. बाकी सगळा कापसाचा मुलूख. तुम्ही म्हणाल, याचा गिटारशी काय संबंध? तर १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा हिंदुस्थानचा कापूस ढिगाने लिव्हरपूलच्या बंदरात उतरत होता. पुढे त्याच शहरात पॉल मॅकार्टनीचे वडील कापसाचे सेल्समन होते. म्हणजे आमचं जुनं नातंच निघालं की!

ओसरीवर हेडफोन लावून बसलो होतो. मामा आले. ‘काय ऐकायलास रे?’ मी ‘ऑल माय लव्हिंग’ त्यांच्या कानाला लावलं. मामा चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवतात. इंग्रजीचा गंध नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘गाणारा बरा हाय. पण ह्यो मागं कोण पळायलाय?’

मी उडालोच. मागे पळणारा होता जॉन लेनन. १९६३ च्या त्या गाण्यात त्याची ऱ्हिदम गिटार प्रत्येक ठोक्याला तीन-तीन फटके मारत सुटलीय. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा लाइव्ह वाजवायला उभे राहिले, समोर सात कोटींहून जास्त प्रेक्षक, आणि सुरुवात याच गाण्याने.

मामांना मग त्याची सगळी गोष्ट सांगितली. जॉनला मावशीने वाढवलं. गिटारवर पोट भरणार नाही, असं तिचं मत. (आमच्याकडेही हेच म्हणतात!) पहिले कॉर्ड्स आईने शिकवले, तेही बँजोचे. १९५८ मध्ये आई मोटारीखाली गेली. जॉन सतरा वर्षांचा. १९६८ ला बीटल्स ऋषिकेशला आले, तिथे डोनोवन या गायकाने त्याला बोटांनी तारा छेडायची पद्धत शिकवली. जगभर नाव झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. त्याच पद्धतीने त्याने आईच्या नावाचं गाणं केलं, ‘ज्युलिया’. बीटल्सच्या रेकॉर्ड्समध्ये तो पूर्ण एकटा आहे ते हेच गाणं. १९८० मध्ये न्यूयॉर्कला गोळ्या घालून त्याला मारलं, तेव्हा तो चाळीसचा होता.

मामा गप्प. मग म्हणाले, ‘आज भजनाला चल. माझा खांदा उठलाय, टाळ तू धर.’

धरला. दुसऱ्याच अभंगात जोशात लय वाढवली. पखवाजवाल्या काकांनी वळून पाहिलं, गाणाऱ्या आजोबांचा दम तुटला, अख्खी बैठक घसरली. कानशिलं तापली राव! मामांनी माझ्या मांडीवर हलकेच थाप देत लय परत आणली. घरी येताना एवढंच म्हणाले, ‘आपलं वाजणं कुणाला कळत न्हाई, बाबा. चुकलं की मात्र समद्याला कळतंय.’

सोमवारी बँड सोडायचा मेल ड्राफ्टमध्येच राहिला. बुधवारी प्रॅक्टिस आहे. म्हटलं, या वेळी ‘ऑल माय लव्हिंग’ घेऊ. दोन मिनिटांचंच गाणं, पण उजवं मनगट आतापासून दुखतंय.

तुम्हीही जा सेलूला. हॉटेल, रिसॉर्ट शोधू नका. संध्याकाळी टाळ ऐकू आला की त्या दिशेने चालत राहा.