तेवीस दिवस

१२ फेब्रुवारी २०१८, सोमवार. माझ्या डाव्या स्तनातील गाठीतून सुईने मांसाचे चार-पाच बारीक तुकडे तपासणीसाठी काढून घेण्यात आले. "रिपोर्ट पाच-सहा दिवसांत मिळेल," असे सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले. त्या पाच-सहा दिवसांचे तेवीस दिवस झाले. आजारावर औषध असते. वाट पाहण्यावर काय उपाय करावा, हे मात्र कोणी सांगत नाही.

पहिला आठवडा मी मौनात काढला. ह्यांच्याखेरीज घरात कोणाला काही कळू दिले नाही. दोनच दिवसांनी राखेचा बुधवार होता. आपण माती आहोत हे स्मरण मी दरवर्षी शांतपणे ऐकत आले. त्या दिवशी ते माझ्या एकटीसाठीच उच्चारले गेले असे वाटले. रात्री झोप येत नसे. ह्यांची तऱ्हा निराळी. ते रोज सकाळी रुग्णालयात फोन करीत आणि नकार ऐकून वाडीत निघून जात. "त्या कागदाशिवाय तुम्हाला दुसरे काही सुचत नाही का?" असे मी एकदा चिडून बोलले. ते काही न बोलता केळींना पाणी सोडू लागले. तेही माझ्याइतकीच वाट पाहत होते, हे मला फार उशिरा उमगले.

दहाव्या दिवशी वसईहून गाडी पकडून मी स्वतःच प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आतल्या तरुण मुलीने मला बसवून घेतले आणि सारे समजावून सांगितले. मांसाचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. ते औषध तासाला सुमारे एक मिलिमीटर इतक्याच गतीने आत शिरते. मग तो मेणात बसवून त्याचे केसापेक्षाही पातळ काप काढतात, ते रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. माझ्या कापांत काही पेशी संशयास्पद दिसल्या होत्या. त्यांच्यातील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या आणखी चाचण्या लावल्या होत्या. "मावशी, घाईने चुकीचे सांगण्यापेक्षा उशिराने बरोबर सांगितलेले बरे ना?" ती म्हणाली.

मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. शंकेची उत्तरपत्रिका मीही बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचत असे. तिकडे एखादे मूल निकालासाठी तळमळत असेल, हा विचार तेव्हा कधी मनात आला नव्हता. उशीर म्हणजे हेळसांडच, हा माझा ग्रह त्या खिडकीशी गळून पडला.

मात्र प्रत्येक उशीर असा नसतो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चौकशी केली तेव्हा कळले की चाचण्या दोन दिवसांपूर्वीच पूर्ण झाल्या होत्या. कागद डॉक्टरांच्या सहीसाठी फाइलीत पडून होता. तेव्हापासून मी इतरांना सांगत असते : निघण्यापूर्वी तारीख विचारा, कोणाला फोन करायचा ते लिहून घ्या, आणि ती तारीख उलटली तर संकोच न करता पुन्हा विचारा. तो उद्धटपणा नव्हे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात लाजरसची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल! बहिणींचा निरोप मिळूनही प्रभू येशू आणखी दोन दिवस होता तेथेच राहिला, हे वाक्य मी भरभर ओलांडून कबरेपाशी पोहोचत असे. आता त्या दोन दिवसांत बेथानीच्या घरात काय चालले असेल, याचाच विचार मनात येई. मार्था आणि मरिया निदान एकमेकींजवळ होत्या. मी मात्र माझे दार आतून लावून घेतले होते.

त्या संध्याकाळी जपमाळ संपल्यावर मी जाऊबाईंना सारे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातली मेथीची जुडी घेऊन निवडू लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रिपोर्ट आणायला मीही येते." भीती होती तेवढीच राहिली, पण त्या रात्री मला झोप लागली.

७ मार्चला आम्ही तिघे गेलो. गाठ कर्करोगाचीच होती, पण लहान होती आणि वेळीच सापडली होती. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. आता वर्षातून एकदा तपासणीला जावे लागते, आणि दर वेळी काही दिवस पुन्हा तीच वाट पाहणे नशिबी येते. त्याची सवय होत नाही. मात्र तपासणीची तारीख ठरली की जाऊबाई ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात, आणि ते दिवस माझ्या एकटीचे राहत नाहीत.