दोन डोंगर आणि एक तंबू

तुमच्या घरी शाळेत जाणारं मूल असेल, तर त्याची चित्रकलेची वही जरा उघडून बघा. पहिल्या चार-सहा पानांत ते चित्र सापडणारच. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर कौलारू घर आणि आभाळात आडव्या पाडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. तुम्हीही ते काढलं असेल. मी तर काढलंच, शिवाय पन्नास मुलांकडून काढूनही घेतलं. आणि त्यापायी माझ्या नव्या संसारात केवढं रामायण घडलं, तेच आज सांगायला बसले आहे.

गोष्ट 2012 सालची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बी.ए. होऊन मी घरीच होते, चित्रकलेचा नाद मात्र लहानपणापासूनचा. म्हणून चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, म्हणजे ए.टी.डी.ला नाव घातलं. हे एका दुकानात हिशेब लिहायचे. फी त्यांच्याच पगारातून जायची. संगमनेरला आमच्या दोन खोल्या. त्यात सासू-सासरे, धाकटे भावजी आणि आम्ही दोघं. आमच्या वाट्याच्या कोपऱ्याला एक पडदा होता, एवढाच काय तो आडोसा.

पहाटे पाचला उठून डबे करायचे, कॉलेज गाठायचं, संध्याकाळी पुन्हा पोळ्या लाटायच्या. सगळी निजानीज झाली की स्वयंपाकघराच्या फरशीवर तक्ता पसरून बसायचं. सरावपाठ सुरू झाले तशी तर रोज टाचणं. ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला एकदा हिरवा पोस्टर कलर लागला. वरण करपण्याला तर हिशेबच नव्हता. आई काही बोलायच्या नाहीत, भांडी मात्र जरा जोरात ठेवायच्या. ती भाषा तुम्हांला सांगायला नको!

अशात माझा सहावीच्या वर्गावर पाठ होता. विषय निसर्गचित्र. मी रंगीत खडूंनी फळ्यावर ते दोन डोंगर असे झकास काढले, की मुलं बघतच राहिली. मग त्यांनीही काढले. पन्नास कागदांवर शंभर डोंगर, सगळे एकसारखे. मी खुशीत होते. पाठ बघायला आलेल्या सरांनी वहीत एकच ओळ लिहिली, "मुलांनी डोंगर काढला नाही, फळा काढला."

घरी येऊन मी सांगून टाकलं, "सोडते मी हे. नाही जमायचं मला."

हे गप्पच राहिले. दोन दिवसांनी म्हणाले, "शनिवारी भंडारदऱ्याला जाऊ. मित्राचा तंबू आहे, एक रात्र राहू."

"तुम्हाला येतो लावायला?"

"अगं, एन.सी.सी.त होतो मी!"

आई म्हणाल्या, "एवढं घर असताना उघड्यावर कशाला निजायचं?" पण निघताना दशम्या आणि लसणाची चटणी त्यांनीच बांधून दिली.

डिसेंबरचा महिना. अकोले, राजूर करत एस.टी.नं शेंडीला उतरलो. आमच्या गावातून वाहणारी प्रवरा इथे वर डोंगरात अडवली आहे. इंग्रजांच्या काळातलं, 1926 साली पुरं झालेलं हे धरण. जन्मभर ज्या नदीचं पाणी प्यायले तिचं हे माहेर मी तोवर पाहिलंच नव्हतं. जलाशयाच्या काठी एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या वावरात सामान ठेवलं.

आणि मग तंबू! पहिल्यांदा तो उलटा उभा राहिला, आतली बाजू बाहेर. दुसऱ्यांदा उभा राहिला तसा निजला. दीड तास झाला, अंधार पडायला आला. शेवटी त्या शेतकऱ्याचा दहाएक वर्षांचा मुलगा जवळ आला. ह्यांनी सरळ ठोकलेल्या खुंट्या त्यानं उपटल्या आणि डोकी तंबूपासून बाहेर झुकतील अशा तिरक्या ठोकल्या. दोऱ्या ताणल्या, तंबू ताठ! गाईगुरं बांधणाऱ्या घरातला मुलगा, त्याला खुंटी कोण शिकवणार? ह्यांनी तेव्हा कबूल केलं, की एन.सी.सी.चं एकच शिबिर झालं होतं आणि तेही शाळेच्या हॉलमध्ये.

हसून पोट दुखेपर्यंत दशम्यांचा डबा एका कुत्र्यानं साफ केला होता. बिचाऱ्या मावशींनी, म्हणजे त्या मुलाच्या आईनं, नाचणीच्या गरम भाकरी आणून दिल्या.

तुमच्यापैकी कुणी असं जाणार असेल तर अनुभवाचे दोन शब्द सांगते. अंगावर घ्यायला आम्ही तीन पांघरुणं नेली होती, अंगाखाली फक्त सतरंजी. थंडी वरून येत नाही हो, जमिनीतून येते. जेवढं वर तेवढंच खाली घाला. खाली आधी प्लॅस्टिक, मग वर्तमानपत्रं आणि त्यावर गोधडी. आणि गारठ्याच्या भीतीनं तंबूची सगळी तोंडं बंद करू नका. आम्ही केली, आणि आमच्याच श्वासाची वाफ छतावर गार होऊन पहाटे अंगावर ठिबकली.

झोप अशी नव्हतीच. काळोखात मी पुन्हा तोच विषय काढला, "मी सोडते म्हटलं तर तुम्ही काहीच का बोलला नाहीत? तुम्हाला हवंच होतं ना ते?"

"मला?" ह्यांचा आवाज चढला. "दुसऱ्या वर्षाची फी मी पगारातून उचल घेऊन भरलीय! आणि तुला वाटतं मला हवं होतं?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगू? तू घरात असून घरात नसतेस. मला वाटायचं, ही शिकतेय ती आमच्यातून बाहेर पडायलाच."

मीही मग ठेवून दिलं नाही. शर्टाचा डाग, करपलेलं वरण, आईंची भांडी, पडद्याआड काढलेलं ते दीड वर्ष, सगळं बाहेर आलं. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की आम्ही मोठ्यानं भांडत होतो! घरी आमची भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. पडद्यापलीकडे ऐकू जाईल म्हणून निम्मं बोलणं गिळायचं, आणि गिळलेलं दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसायचं. त्या दोन हात रुंद कापडी खोलीत आम्ही पहिल्यांदा पोटभर भांडलो. मग रडले मी. मग हे म्हणाले, "उचल फिटेल गं सहा महिन्यांत. पण तू सोडलंस तर ते कसं फिटेल?"

सकाळी मावशी चहा घेऊन आल्या नि हळूच म्हणाल्या, "मिटलं का गं पोरी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ओल्या पांघरुणासकट बाहेर येऊन बसलो. समोर पाणी, पलीकडे रतनगडाची रांग आणि त्याचा तो उभा खुटा. सूर्य आमच्या पाठीमागून येत होता. उजेड आधी पलीकडच्या माथ्यांवर पडला आणि पायरी-पायरीनं खाली उतरला. एकही डोंगर त्रिकोणी नव्हता! माथे सपाट, कडे उभे, मध्ये आडव्या रेघा, जशी भाकऱ्यांची चवड. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा काळा पाषाण झाला, हे मी भूगोलात पाठ केलं होतं. त्या रेघा म्हणजेच ते थर, हे मात्र त्या दिवशी कळलं. लांबचे डोंगर तर हिरवेही नव्हते, पुसट निळे होते.

मी वही काढली. ह्यांनीही एक पान मागून घेतलं. थोड्या वेळानं डोकावले तर काय, दोन त्रिकोण आणि मधोमध सूर्य!

"अहो, सूर्य पाठीमागे आहे आपल्या."

त्यांनी मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग खोडरबर मागितलं. तीनदा खोडून त्यांनी जो खुटा काढला तो वाकडातिकडा होता, पण रतनगडाचाच होता.

पुढच्या पाठाला मी खडू घेतलाच नाही. मुलांना शाळेच्या गच्चीवर नेलं, गावाबाहेरच्या डोंगरांकडे तोंड करून बसवलं आणि म्हटलं, "आधी दहा मिनिटं नुसतं बघा." पाठ काही आदर्श झाला नाही. गलका झाला, तिघांची पाण्याची भांडी सांडली, वेळेत चित्र कुणाचंच पुरं झालं नाही. गुणही बेताचेच पडले. एका मुलानं मोबाईलचा मनोरा काढला आणि डोंगर त्याच्यामागे पार छोटासा. सरांनी तो कागद मात्र बराच वेळ हातात धरला होता.

पदविका पुरी झाली. उचल फिटायला सहा नव्हे, अकरा महिने लागले. आता आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मुलांना रेखाकला परीक्षांना बसवते. बदलत्या घराबरोबर पडदा जाऊन भिंत आली. तंबू मित्राला परत करायचा राहिला तो राहिलाच. उन्हाळ्यात आई त्यावर कुरडया वाळत घालतात. पण अजूनही आमच्यात काही अडलं, की हे म्हणतात, "कुरडया काढून घ्यायला सांगू का आईला?"