लोनाडचे लेणे आणि मणिमेखलै

भिवंडी म्हटली की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण याच तालुक्यात लोनाड गावाजवळच्या टेकडीत एक बौद्ध लेणे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्ही काही कुटुंबे मुलाबाळांसह ते पाहून आलो. आत राजसभेचे शिल्प कोरलेले आहे. ते पाहताना आम्हाला तमिळ भाषेतील एका राजसभेची आठवण झाली.

महाकाव्य म्हटले की मुलांना रामायण-महाभारत ही दोनच नावे सुचतात. ‘मणिमेखलै’ हे बौद्ध महाकाव्य आहे. मदुरेचा धान्यव्यापारी कवी सात्तनार याने ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ३० सर्गांत रचले. पुढे ते ताडपत्रांवरच राहिले. १८९८ साली उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ते छापून लोकांपुढे आणले.

मणिमेखलै ही नर्तकी माधवीची मुलगी. राजपुत्र तिच्या मागे लागतो, पण ती राजवैभव नाकारून धम्माचा मार्ग धरते. तिला ‘अमुदसुरभी’ हे भिक्षापात्र मिळते. त्यातले अन्न कधी सरत नाही. आंधळे, पांगळे, अनाथ, एवढेच काय तर तुरुंगातले कैदीही तिच्या हातचे जेवतात. १९व्या सर्गात चोळ राजा तिला बोलावून विचारतो, तुला काय हवे? ती स्वतःसाठी काहीच मागत नाही. तुरुंगाच्या जागी दानशाळा करा, एवढेच सांगते. राजा ते मान्य करतो.

राजा बसला होता तो मंडप कोणी बांधला, हेही कवी सांगतो. मगधचे कारागीर, अवंतीचे लोहार, यवन सुतार, तमिळ कारागीर आणि ‘मराट्ट कम्मर’, म्हणजे मराठी मुलखातले धातुकाम करणारे! कान्हेरीच्या शिलालेखात आपल्या शेजारच्या कल्याणच्या नंद लोहाराचे दान नोंदलेले आहे. तेथे त्याला ‘कमार’ म्हटले आहे. कमार आणि कम्मर, शब्द किती जवळचे!

पोटासाठी परमुलखात जाणे कामगाराला नवे नाही. आज भिवंडीच्या मागांवर तेलंगणातले पद्मशाली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगारही आहेत. एकेकाळी आपली माणसे अशीच दूर कावेरीकाठी राबली. त्यांची नावे उरली नाहीत, पण कवीने त्यांच्या कामाची नोंद ठेवली. आणि त्यांनी उभारलेल्या मंडपातच एका मुलीने राजाकडे भुकेल्यांसाठी जागा मागितली. ही गोष्ट घरोघरी मुलांना सांगावी, असे आम्हाला वाटते.