टायरआधी माती

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. वरून उड्डाणपूल जातो. खाली ट्रक, एसटी, रिक्षा आणि भाजीचे टेम्पो यांची दिवसभर रेटारेटी असते. या चौकाजवळच्या एका टायरवाल्याकडे कुणी महिंद्राची थार घेऊन आलं आणि ‘ए.टी. टायर टाकायचेत, कुठला चांगला?’ असं विचारलं, तर तो लगेच कंपनीचं नाव घेत नाही. उकिडवा बसतो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जुन्या टायरच्या खाचेत अडकलेला खडा काढतो आणि तळहातावर घेऊन बघतो.

काळ्या कातळाचा धारदार तुकडा निघाला तर गाडी डोंगरात जाते. खाचेच्या तळाशी चिकट काळी माती वाळून बसली असेल तर शेतात. खाचा स्वच्छ आणि मधला पट्टा जास्त झिजलेला, तर गाडी डांबरावरच पळते आणि तीही जास्तीच्या हवेवर. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते आहे. एवढं बघून झालं की मग तो विचारतो, ‘वर्षात चिखलात किती वेळा जाता?’

हा प्रश्न तो एका चुकीतून शिकला. सुरुवातीच्या वर्षांत त्याने एका द्राक्ष बागायतदाराला मोठमोठ्या ठोकळ्यांचे एम.टी., म्हणजे निव्वळ चिखलासाठीचे टायर घातले. गाडी दिसायची रुबाबदार. पण बागायतदाराच्या फेऱ्या बहुतेक पुण्याच्या रस्त्याने. ठोकळे डांबरावर वेडेवाकडे झिजले, केबिनमध्ये बोलणं ऐकू येईना आणि डिझेलचा खर्च वाढला. गिऱ्हाईक भांडलं नाही, पण परत आलं नाही. ते त्याला अजून लागतं.

ए.टी., म्हणजे ऑल-टेरेन टायर ही मधली वाट आहे. रस्त्यावरच्या एच.टी. टायरपेक्षा खाचा खोल आणि रुंद, एम.टी.पेक्षा ठोकळे जवळजवळ. बीएफ गुडरिचने 1976 साली पहिला रेडियल ए.टी. टायर बाजारात आणला तो याच गरजेतून: एकाच गाडीने महामार्गही कापायचा आणि माळरानही. या टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या कातळावर खरं काम त्यांचं. रबर तिथे थोडं उघडतं, दगडाच्या खडबडीत पृष्ठभागाला धरतं.

नाशिकमध्ये ही निवड अवघड होते, कारण चारी दिशांची जमीन वेगळी. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरीकडे धो धो पाऊस, शेवाळलेला कातळ, भातखाचरांतला गाळ. पूर्वेला निफाड, येवल्याकडे काळी माती. ती ओली झाली की फुगते, टायरला लपेटते, खाचा बुजवते. मग नक्षी कितीही महाग असो, चाक गुळगुळीत गोळा होऊन जागीच फिरतं. एम.टी.च्या रुंद खाचा चाक जोरात फिरलं की चिखल झटकतात, ए.टी.ला ते तितकं जमत नाही. शेतकऱ्याला यासाठी वेगळं शिकवावं लागत नाही. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल कमी होऊन जमीन कामाजोगी झाल्याशिवाय तो ट्रॅक्टर रानात घालत नाही, आणि गाडीलाही तोच नियम लावतो. ए.टी. घेतलेल्या शहरी माणसाने हा एक शब्द त्याच्याकडून उचलावा.

आता मापाकडे. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या थारला दोन मापं होती: 245/75 आर 16 आणि 255/65 आर 18. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर सोळाच्या टायरची भिंत 184 मिलिमीटर भरते, अठराची 166. उभ्या चाकाच्या एकूण उंचीत फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा. म्हणजे चकचकीत अठरा इंची रिम घेणाऱ्याच्या वाट्याला दगड आणि रिम यांच्यामध्ये 18 मिलिमीटर रबर कमी येतं. डोंगरातच जायचं असेल तर साधी सोळाची लोखंडी रिम बरी, असं टायरवाला ठामपणे सांगतो, आणि त्याचं पटतं.

रुंदीचंही तसंच. जास्त रुंद म्हणजे जास्त पकड, असं सगळेच धरून चालतात. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला अवघ्या 6 इंच रुंदीचे टायर असत. वरच्या पातळ चिखलातून तो अरुंद टायर खाली उतरून टणक थर गाठायचा. वाळूवर किंवा खोल गाळात मात्र रुंदीचाच उपयोग होतो.

टायर घातल्यावरही अर्धं काम हवेचं. खडकाळ वाटेवर हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीवर टेकणारा भाग लांब होतो आणि दगडावर लपेटून बसतो. वेग मात्र बैलगाडीचा ठेवायचा. धोका परतीच्या वाटेवर असतो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. या महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. घाटातून उतरून, उतरवलेल्या हवेवर तसंच त्या काँक्रीटवर चढलं तर भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आणि टायर फाटतो. म्हणून टायरवाला टायरबरोबर 12 व्होल्टचा छोटा पंप आणि एक चांगला गेज घ्यायला लावतो. पैसे कमी पडत असतील तर टायर थोडा स्वस्तातला घ्या म्हणतो, पण गेज घ्या.

आणखी एका बाबतीत तो ऐकत नाही. पुढे नवे, मागे जुने अशी जोडी फोर बाय फोरला तो घालत नाही. थारमध्ये फोर बाय फोर टाकलं की पुढची-मागची चाकं एका गतीला बांधली जातात; टायरचा घेर वेगळा असला की ताण सगळा गिअरवर येतो. स्टेपनीही त्याच मापाची, त्याच नक्षीची, आणि आलटापालटीत तीही फिरलेली हवी.

नवा टायर उतरला की तो भिंतीवरचे शेवटचे चार आकडे अंगठ्याने पुसून गिऱ्हाइकाला दाखवतो. 2324 म्हणजे 2024 सालातला तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे वाचून झाल्यावर साबणाचं पाणी बीडला लागतं, कॉम्प्रेसर सुरू होतो, आणि ‘टक्’ असा आवाज करत रबर रिमच्या कडेवर बसतं. मग दार उघडून तो आत चिकटवलेल्या कंपनीच्या पट्टीवरचा हवेचा आकडा वाचतो आणि खडूने नव्या टायरवर तोच आकडा लिहितो.