संहती आणि संहिता

साहित्याच्या वर्गात 'संहिता' हा शब्द मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. विज्ञानशाखेच्या पाठ्यपुस्तकात त्याच्या शेजारचा वाटावा असा 'संहती' हा शब्द भेटला आणि मी थबकलो. द्रावणाच्या ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे, ते सांगते ती संहती. अभिक्रिया चालू असताना ती कसकशी घटत जाते, हे संहती-काल आलेखात दिसते. तो वाचून अभिक्रियेची कोटी ठरवायची, म्हणजे वेग संहतीवर कितपत अवलंबून आहे हे ओळखायचे.

समजा, संहती ०.८० वरून ०.४० वर यायला १० मिनिटे लागली. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ०.४० ची ०.२० व्हायला आणखी ५ मिनिटे लागली तर शून्य कोटी, पुन्हा १० लागली तर प्रथम, २० लागली तर द्वितीय. पडताळाही घेता येतो. शून्य कोटीत संहतीचा, प्रथम कोटीत तिच्या लॉगॅरिदमचा, द्वितीय कोटीत तिच्या व्यस्ताचा आलेख सरळ रेषेत येतो. मात्र मापन फार लवकर थांबवले, तर तिन्ही आलेख सरळच भासतात.

लिहिलेल्या समीकरणावरूनही कोटी सांगता येत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड या दोन्ही वायूंच्या विघटनाचे समीकरण 'दोन रेणू' असेच सुरू होते. पहिल्याची कोटी प्रथम, दुसऱ्याची द्वितीय.

१८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लातील साखरेचे विघटन अभ्यासले. द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो, हे तो मोजत राहिला. क्षणोक्षणीचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे त्याला आढळले. आजच्या भाषेत ही प्रथम कोटी. वास्तविक या अभिक्रियेत पाणीही भाग घेते. पण ते इतके विपुल असते की त्याची संहती बदललेली जाणवत नाही, आणि आलेख त्याविषयी मौन पाळतो. हे मौन मला फार ओळखीचे वाटले. कादंबरीतही जे सर्वत्र असते, त्या जातीचा किंवा भाषेचा उल्लेख पुष्कळदा कुठेच नसतो.

आपल्याकडे पहिल्या प्रकरणावरून कृतीला 'वास्तववादी' वा 'अस्तित्ववादी' ठरवून मोकळे होण्याची घाई असते. मुखपृष्ठावरचा 'कादंबरी' हा शब्दही पुरावा म्हणून पुढे केला जातो. असा निबंध हाती आला की मी विद्यार्थ्याला आता दोनच प्रश्न विचारतो: उत्तरार्धात काय घडले तर तुमचे मत खोटे ठरेल? आणि तो तुम्ही वाचला आहे ना?