माणसाच्या मापाचं

ग्रुप टूरने जाऊन आले, असं सांगितलं की काही लोकांच्या चेहऱ्यावर बारीकशी कीव उमटते. 'अच्छा, टूरवाल्यांबरोबर होय!' एवढंच म्हणतात, पण त्यात सगळं येतं: एकसारख्या टोप्या, सहा-सात-आठचा गजर, बसमधल्या गाण्याच्या भेंड्या आणि परदेशात जाऊन खाल्लेला वरणभात. निसर्ग बघायचा तर एकट्याने, असा या मंडळींचा ठाम सिद्धांत असतो. इतर ठिकाणांबद्दल मी वाद घालणार नाही. पण बोलिव्हियातल्या मिठाच्या मैदानात आणि त्याच्या दक्षिणेच्या उंच वाळवंटात एकट्या माणसाला नेमकं काय दिसेल, हा मला खरोखरच पडलेला प्रश्न आहे.

सालार दे उयुनी. समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटरवर पसरलेलं, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मीठ. आपला अख्खा रायगड जिल्हा आत ठेवला तरी कडेने जागा उरेल. अँडीजच्या दोन रांगांमध्ये अडकलेल्या या पठारावरून पाण्याला समुद्राकडे वाटच नाही. डोंगरांतले क्षार घेऊन नद्या उतरायच्या, सरोवरात मिळायच्या आणि तिथेच थांबायच्या. हजारो वर्षांच्या उन्हाने पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. डिसेंबर ते मार्चच्या पावसात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि आकाश खाली उतरतं. जगभर फिरणारे फोटो त्याच दिवसांतले. आम्ही गेलो कोरड्या हंगामात. तेव्हा जमिनीवर फक्त पाच-सहा कडांच्या चौकटी असतात, क्षितिजापर्यंत. चौकटीच्या कडेला मीठ किंचित वर आलेलं, बोट फिरवलं तर खरखरीत, आणि जिभेला लावलं तर आधी कडवट, मग खारट. (लावायचं नव्हतं, सगळ्यांनी लावलं.)

इथे डोळा फसतो. झाड नाही, खांब नाही, घर नाही. जवळ-लांब ठरवायला काही नाही. समोर काळा ठिपका दिसू लागला तेव्हा जीपमध्ये दोन तट पडले. एक म्हणे बस आहे, दुसरा म्हणे झोपडी. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी अंतराचा अंदाज पाच किलोमीटर असा जाहीरही केला. मिनिटभरात आम्ही त्याच्याशेजारी पोचलो. कुणीतरी टाकून दिलेलं टायर होतं.

मग आमच्यातल्या एका काकूंना 'जरा जाऊन यायचं' होतं. आडोसा म्हणजे एकच, आमची जीप, आणि जीपला तर चारी बाजूंनी माणसं. काकू म्हणाल्या, मी लांब जाते. निघाल्या. लाल जॅकेट, पांढरे बूट. बऱ्याच चालल्या, वळून पाहिलं, आम्ही त्यांना दिसत होतो, म्हणजे त्या आम्हाला दिसत होत्या. परत चालल्या. पुन्हा वळल्या. लाल जॅकेटचं बोटभर झालं, बोटाचं नखभर झालं, तरी त्या दिसायच्या थांबेनात. तेव्हा पहिल्यांदा मला ते मैदान केवढं आहे ते कळलं. दहा हजार चौरस किलोमीटर हा आकडा मी विमानात वाचला होता, वाचून काही झालं नव्हतं. शेवटी आम्ही दोघी-तिघी शाली घेऊन त्यांच्या मागे धावलो. धावलो म्हणजे दहा पावलं. त्या उंचीवर अकराव्या पावलाला छाती भाता होते.

गंमत अशी की माणसाच्या डोळ्याला जिथे माप सापडत नाही, तीच जागा उपग्रहांना मापासाठी लागते. बर्फाची, समुद्राची उंची मोजणारे उपग्रह आपली उपकरणं इथे ताडून बघतात, कारण एवढी मोठी, एवढी सपाट आणि एवढी उजळ जमीन दुसरीकडे नाही. 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी जीपीएस बसवलेली गाडी या मिठावर उभी-आडवी फिरवली. मोजलेल्या पट्ट्यात चढउतार निघाला एक मीटरहून कमी. आणि तोही उगीच नाही. खोल खाली दडलेल्या खडकांची ओढ जिथे जास्त, तिथे मिठाची पातळी किंचित बदलते.

आमचं मोजणं वेगळ्या पातळीवर चाललेलं. करोनाने प्रत्येक घरात ऑक्सिमीटर दिलाय, तो प्रत्येकाने आणला होता. दर थांब्यावर बोटं चिमट्यात. 'माझं ८४, तुमचं?' 'माझं ८७!' आणि ८७वाल्याच्या चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद. चालक कोकाच्या पानांचा चहा पाजायचा आणि स्वतः गालात पानांचा तोबरा धरून स्वस्थ असायचा. त्याला केचुआ आणि स्पॅनिश येत होती, काकूंना मराठी. दोघांचं उत्तम चाललं होतं. फोटो काढताना तो मिठावर पालथा झोपायचा आणि ओरडायचा, 'मास अत्रास!' आणखी मागे. पुढे चिवड्याचं पाकीट, मागे शंभर पावलांवर आम्ही सगळे. फोटोत आम्ही पाकिटातून रांगेने बाहेर पडतोय. पाकीट हवेच्या कमी दाबाने टम्म फुगलेलं होतं, त्यामुळे जास्तच उठून दिसलं. डोळ्याची ही फसवणूक तिथल्या लोकांनी धंद्याला लावलीय, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण फोटो जमायला मागे उभी राहणारी माणसं लागतात, हे विसरू नये.

मैदानाच्या कडेला कोल्चानी नावाचं गाव आहे, तिथे मीठ खरवडून त्याचे ढीग लावतात. पाणी निथळलं की ट्रकने गावात, मग वाळवणं, दळणं, आयोडीन, पिशव्या. खोरं मारणाऱ्या माणसाचे फक्त डोळे दिसतात, तेही काळ्या चष्म्याआड. खालून परतणारं ऊन वरच्या उन्हाइतकंच भाजतं. तिथे मिठाच्या विटाही काढतात, कुऱ्हाडीने तोडून. एक वीट हातात घेतली. कापलेल्या बाजूवर पांढऱ्या थरांमध्ये तपकिरी रेघा होत्या: पावसाळ्यात वाहून आलेला गाळ, कोरड्या हंगामात जमलेलं मीठ, पुन्हा गाळ. उत्तरेला तुनुपा ज्वालामुखी दिसतो. आयमारा लोकांच्या कथेत ही तुनुपा बाई आहे. नवरा कुस्कू दुसरीबरोबर पळाला, आणि मांडीवरच्या लेकराला पाजता पाजता तिला रडू फुटलं. दूध आणि आसवं मिळून हे मैदान झालं. या मिठाखालच्या खाऱ्या द्रावणात जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक आहे. मोबाइलच्या, गाड्यांच्या बॅटऱ्या त्यावर चालतात, म्हणून आता तिच्या दाराशी बरेच लोक येऊन उभे आहेत.

दक्षिणेला चढत गेलं की मीठ संपतं आणि रंग सुरू होतात. तांबडे, गेरूचे, गंधकाचे डोंगर. गवताचे पिवळे झुबके. त्यांत विकुन्यांचे कळप. लागुना कोलोरादा हे उथळ तळं खरोखर लाल आहे, त्यातल्या शैवालामुळे, आणि मधे बोरॅक्सची पांढरी बेटं. पाण्यात गुलाबी ठिपके, तेही फुलांसारखे दिसतात, चालायला लागेपर्यंत. ते फ्लेमिंगो. त्यांतला जेम्स फ्लेमिंगो नामशेष झाला असं धरून चालले होते, 1950च्या दशकात तो याच भागात पुन्हा सापडला. एवढा गुलाबी पक्षी हरवतो कसा, असं एकाने विचारलं. समोर बघितल्यावर त्यानेच प्रश्न मागे घेतला.

रात्री मुक्कामाच्या जागी वरणाचा बेत ठरला आणि फसला. ४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासभर खदखदते आणि टणकच राहते. शेवटी किन्वाचं सूप आणि त्यावर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. चालकाने चटणी दोनदा घेतली.

या सगळ्या रानाला एदुआर्दो आबारोआचं नाव दिलंय. 1879 पर्यंत बोलिव्हियाला समुद्रकिनारा होता. अटाकामातल्या सोऱ्यावर क्विंटलमागे दहा सेंताव्हो कर बसवला, त्यावरून चिलीशी बिनसलं, आणि युद्धात किनारा गेला. 23 मार्च 1879ला कालामाच्या लढाईत आबारोआला शरण यायला सांगितलं, तर त्याने तुमच्या आजीलाच शरण यायला सांगा असं ऐकवलं, आणि तो मारला गेला. जीपमधल्या दोन्ही आज्यांना हे फार आवडलं. दर 23 मार्चला बोलिव्हियात समुद्र दिन पाळतात. नौदलही आहे, टिटिकाका सरोवरात. म्हणजे आटलेल्या सरोवराचं मीठ बघायला आम्ही अशा देशात आलो होतो, ज्याला समुद्राची वार्षिक आठवण काढावी लागते.

शेवटच्या पहाटे ४,८०० मीटरच्या वर गरम झऱ्यांपाशी उतरलो. राखाडी चिखल खड्ड्यांत रटरटत होता, गंधकाचा वास, वाफेच्या भिंती. तिथे मात्र टूर मॅनेजरने सगळ्यांना हात धरून साखळी करायला लावली, कारण दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता आणि कडेला कठडा नव्हता. मैदानात माणूस दिसेनासा होत नव्हता. इथे तो पावलागणिक हरवत होता. साखळीतून मोठमोठ्याने नावं घेतली जात होती. बँकवाले काका दोनदा मोजून गेले, दोन्ही वेळा एक माणूस जास्त भरला. शेजारच्या जर्मन ग्रुपमधला एक जण आमच्या साखळीत आला होता.

लिकांकाबुर ज्वालामुखीच्या पायथ्याशी हद्द ओलांडली की चिली. रस्ता सान पेद्रो दे अटाकामाकडे दोन हजार मीटर खाली घसरत जातो आणि कानांत दडे बसतात. चिलीत बाहेरचं बी-बियाणं, पाला, फळं चालत नाहीत, म्हणून सामान टेबलावर उघडावं लागतं. खिशांतली कोकाची पानं आधीच टाकून दिली होती. अधिकारीबाईंनी एक डबा उघडून हुंगला आणि त्यांना सटासट तीन शिंका आल्या, मेतकूट होतं. मग डिंकाच्या लाडवांवर चौकशी सुरू झाली. डिंक म्हणजे काय, हे आम्ही सहा जणांनी एकाच वेळी हातवारे करून सांगितलं: झाड, खोड, त्यातून गळणारं, तुपात फुलणारं. काकूंनी बाळंतिणीचाही अभिनय केला. बाई बराच वेळ बघत राहिल्या, मग लाडू परत दिले. कढीपत्ता मात्र ठेवून घेतला.