आजीचं दान

पुण्याच्या वसतिगृहात मी माझं पहिलं पात्र बनवायला बसले तेव्हा वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. पण त्याआधी आपला माणूस कागदावर उभा करायचा असतो: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. २०१४ च्या नियमांप्रमाणे या सहांमध्ये वाटायला २७ पॉइंट मिळतात. प्रत्येक आकडा ८ पासून सुरू होतो आणि १५ पर्यंत नेता येतो. १३ पर्यंत पायरीला एक पॉइंट, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. आकड्यावरून बोनस ठरतो, कधी उणेही, आणि तो फाशावर पडलेल्या दानात मिळवायचा.

अकरावी-बारावी मी लातूरला काढली होती. कुठल्या धड्याला किती मार्क, कुठल्या प्रश्नावर वेळ घालवायचा नाही, हे दोन वर्षं घोटलेलं. १५ ला नऊ पॉइंट पडतात, तीन वेळा नऊ म्हणजे बरोबर सत्तावीस. ताकद, चपळाई, काटकपणा १५. बुद्धी, शहाणपण, छाप ८. पाच मिनिटांत लढवय्या तयार. लढाईत त्याला तोड नव्हती. पण आमची टोळी एका गावात मुक्कामाला थांबली, तिथल्या विधवेच्या चोरीला गेलेल्या गाईची चौकशी सुरू झाली, आणि दोन तास माझ्याकडे बोलायला एक वाक्य नव्हतं. मी जेव्हा जेव्हा तोंड उघडलं, फासा माझ्याविरुद्ध गेला. त्या रात्री मला लातूरची खोली आठवली. वेळापत्रकात बसत नाही म्हणून मी तिथे हार्मोनियम सोडली होती, घरी फोनवर बोलणं दहा मिनिटांवर आणलं होतं. आठाचे आकडे मी आधीही लिहिले होते, फक्त कागदावर नव्हे.

दिवाळीला घरी हदगावला आले. सोयाबीन विकून झालं होतं, कापसाची वेचणी चालू होती. धाकटा भाऊ बारावीत, नांदेडला क्लासला असतो; तोही आलेला. आठवीतली मामेबहीण होती. खेळ दाखवायचा ठरवला, पण वीस बाजूंचा फासा पुण्यातच राहिलेला. सापशिडीतला एक फासा सापडला. एक ते वीसच्या चिठ्ठ्या करून खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

भावाला नियम सांगितले. त्याला वीस मिनिटं दिली, आणि जे झालं ते पाहून मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याने आधी माझंच पंधरा-पंधरा-पंधरा मांडलं, मग खोडलं. “ताई, पात्राचा वंश माणूस घेतला तर प्रत्येक आकड्यात एक वाढतो ना? अन् बोनस फक्त सम आकड्याला बदलतो. मग तुझ्या आठाचे नऊ होऊन काय उपयोग? उणे एक ते उणे एकच.” त्याने विषम आकडे घेतले: १५, १५, १३, ११, ९ आणि एकच ८. खर्च तोच सत्तावीस. एकेक वाढवल्यावर १६, १६, १४, १२, १०, ९. माझ्या पात्राच्या बोनसची बेरीज अशाने सहा आली असती, त्याची आठ आली. अशा हिशोबाला काहीजण नावं ठेवतात, म्हणतात यात गोष्ट मरते. मला ते पटत नाही. दोन नियम एकमेकांत कुठे अडकतात हे शोधताना त्या पोराच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याच्या सराव परीक्षांच्या निकालानंतर कधी पाहिलं नाही.

आजी शेजारी वाती वळत होती. “कायचा हिशोब करायलाव?” मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सोंग घ्यायचं. भारुडात घेतेत तसं.” इतके दिवस मी या खेळाला मराठी शब्द शोधत होते. “मग मला बी बसव.”

पॉइंट वाटायला तिने नकार दिला. “दान पडू दे.” हेही मुळातलंच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ छापला तेव्हा तीन फासे टाकायचे, आणि आकडे येतील त्याच क्रमाने लिहायचे, असंच होतं. नंतरच्या काळात चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायची पद्धत आली, त्या पद्धतीने सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते. आजीला तेही नको होतं. तिने एकच फासा तीन-तीनदा टाकला, चिंचोके टाकल्यासारखा मनगटातून. ताकद ६, चपळाई ११, काटकपणा १४, बुद्धी ९, शहाणपण १३, छाप ७. भाऊ म्हणाला, माणसाचा एकेक तरी वाढव. “पडलं ते पडलं. दानाला हात लावू नाही.”

मग ती त्या सहा आकड्यांकडे पाहत राहिली. बुद्धी आणि शहाणपण यांत फरक काय, हे तिने विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं. “ही तर माझी सासू,” ती म्हणाली. “भरली घागर उचलायची नाही तिला. पण खाटेवर पडलेली कधी पाहिली नाही. अन् तोंडाची लय फटकळ.”

आम्ही माणूस आधी ठरवून त्याला आकडे शोधत होतो. तिने आकड्यांत माणूस ओळखला.

माझी तयार गोष्ट मी बाजूला ठेवली. आजीची सासू म्हणजे निजामाचा काळ. तेव्हा हदगाव हैदराबाद संस्थानात होतं आणि पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडचा मुलूख वऱ्हाडात, म्हणजे नदी हीच सरहद्द. साल १९४८, सप्टेंबरच्या पोलीस कारवाईच्या आधीची रात्र. निरोपाची एक चिठ्ठी नदीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात पोहोचवायची. जाणारे तिघं: भावाचा पहिलवान, मामेबहिणीची गोडबोली पोरगी आणि म्हातारी.

उताराजवळ पहारेकऱ्याने कंदील वर केला. भाऊ गप्प राहिला. त्याचा नऊचा आकडा छापेत होता, ते त्याने नीट हेरलं होतं. मामेबहीण पुढे झाली, छाप तिचीच जास्त. डब्यातून चिठ्ठी निघाली तीन. पहारेकऱ्याने बंदूक खांद्यावरून काढली.

आजी वाती खाली ठेवून बोलू लागली. रात्रीच्या वेळी लेकीबाळींवर बंदूक रोखतोस, तुझ्या मायनं हेच शिकवलं का, असं काहीतरी. मी चिठ्ठी काढायला सांगितली. सहा. त्यातून दोन वजा. पहारेकरी चिडला, नियमाने चिडायलाच हवा होता. म्हातारीला त्याने धरून काठावर बसवलं, आणि तो तिच्याशी भांडत असताना बाकी दोघांकडे त्याची पाठ झाली.

“जा की,” आजी म्हणाली. “मी बसते. थंडीनं मला काही होत नाही.” काटकपणा चौदा.

भावाने निरोपाची चिठ्ठी पलीकडे नेलीच नाही. ती त्याने मामेबहिणीच्या हाती दिली आणि म्हणाला, पहिलवान मागे फिरतो. मी आठवण करून दिली की पहारेकऱ्याकडे बंदूक आहे. त्याने वहीतल्या आकड्यांकडे पाहिलं नाही. “तिला तिथं एकटीला सोडायचं नाही.”

तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली, आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेची गडबड. खेळ तिथेच थांबला. भाऊ नांदेडला गेला, मी पुण्याला.

आठवड्याने आजीचा फोन आला. दुखणंखुपणं, कापसाचा भाव, सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता तिने विचारलं, “म्हातारी अजून काठालाच बसलीय का गं?”

संक्रांतीचं तिकीट मी त्याच रात्री काढलं.